पाटी की पेटी

१ जुलै २०२५, मंगळवार

लॅपटॉप उघडला आणि त्याने पुन्हा तीच नोटीस बजावली. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबरला संपते, त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या येणार नाहीत. खाली आणखी एक ओळ: हे यंत्र विंडोज ११ साठी पात्र नाही. आमचं यंत्र २०१६ सालचं, आतला प्रोसेसर सहाव्या पिढीचा. नव्या विंडोजला आठव्या पिढीच्या आधीचं स्थळ चालत नाही.

वर्षभराची वाढीव मुदत मागून घेता येते म्हणे. पण नुसती मुदत वाढवून काय करायचं? बॅटरी कधीच गेलीय. चार्जरची पिन जरा हलली की लॅपटॉप मान टाकतो. डावी बिजागरी निसटल्यामुळे पडद्यामागे मोल्सवर्थच्या शब्दकोशाचा टेकू लावलाय. त्या शब्दकोशाचा इतका नियमित उपयोग माझ्या हातून याआधी झाला नव्हता.

छत्तीस वर्षं मी कोर्टात लघुलेखक होते. तिथे प्रत्येक दाव्याचा रोजनामा असतो. कोणत्या तारखेला काय झालं, कोण हजर, कोण गैरहजर, पुढची तारीख कोणती. या खरेदीचाही तसाच ठेवायचं ठरवलं. टॅबलेट विरुद्ध छोटा लॅपटॉप. दोन्हीकडचा पुरावा होईपर्यंत पर्स उघडायची नाही.

३ जुलै, गुरुवार

आधी वादाचा मुद्दा. मला हे यंत्र कशाला लागतं?

गल्लीतल्या वाचनालयाची पुस्तकांची यादी मी करते, सहा हजारांच्या वर नोंदी आहेत. शेजारपाजारचे अर्ज टाइप करून देते. आणि निवृत्तीनंतर एक वही सुरू केलीय, कोर्टातल्या दिवसांची. ती वही म्हणजे लॅपटॉपमधलीच एक फाइल. अडीच वर्षांत चाळीस पानं झालीत, म्हणजे वेग आपल्या दिवाणी दाव्यांसारखाच.

टायपिंग शिकले ते रेमिंग्टनच्या ठेवणीवर. मराठी तीस शब्द प्रति मिनिट, मग चाळीसची परीक्षा. करंगळीच्या ताकदीवर मार्क मिळायचे तो काळ. पुढे युनिकोड आलं आणि पंचेचाळिशी उलटल्यावर इनस्क्रिप्ट शिकावं लागलं. महिनाभर रडले. पण ती ठेवण करणारा माणूस मराठी शाळेत वर्णमाला नीट शिकला असणार. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. क आणि ख एकाच बटणावर, ल आणि ळ एकाच बटणावर, र च्या डोक्यावर ‘दुसऱ्या’तला ऱ. मराठीतलं अक्षर दोन हात मिळून घडवतात. आता डोळे मिटून लिहिते.

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी

लेक पुण्याहून आला. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी. उपासाला दुप्पट खाल्लं सगळ्यांनी. जेवता जेवता लॅपटॉपचा विषय निघाला.

“अगं आई, टॅबच घे. हलका, बॅटरी दिवसभर. सोफ्यावर बसून बघता येतं.” आणि मग सहज, ताटातला दाणा उचलावा तसं: “तुला आता एवढं काय लिहायचंय?”

बोलला तो काळजीनेच. त्याला माझी मान दुखते ते दिसतं, वायर सांभाळत केलेली कसरत दिसते. पण वाक्य रात्रीपर्यंत दातात अडकल्यासारखं राहिलं.

जाताना स्वतःचा टॅब ठेवून गेला. अकरा इंची, दोन वर्षांपूर्वीचा. “महिनाभर वापरून बघ, मी तसाही त्यावर सिनेमेच बघतो.” वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी लेकीचा जुना छोटा लॅपटॉप दिला, साडेअकरा इंचांचा. म्हणजे दोन्ही पक्षकार घरातच हजर झाले.

८ जुलै, मंगळवार

कालपासून फ्रिजवर एक कागद लावलाय. यंत्र हातात घेतलं की कशासाठी घेतलं त्याची एक उभी रेघ. पाच झाल्या की आडवी. रकाने पाच: वाचणं, बघणं-ऐकणं, बोलणं, लिहिणं, अर्ज-तक्ते. आठवडाभर चालू ठेवणार.

आज टायपिंगची परीक्षा. माझ्याच वहीतला तीनशे शब्दांचा उतारा, घड्याळ लावून. जुन्या लॅपटॉपवर नऊ मिनिटं. टॅबच्या काचेवर सव्वीस.

वेळ जाऊ दे, पण काचेवर बोट कुठे पडलं हे बोटाला कळत नाही. बटणाला कड असते, दाबल्याचं उत्तर असतं. म्हणून नजर सतत खाली, वाक्य डोक्यातून निसटतं. शिवाय टॅबला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ‘दिवाणी दावा’ लिहिलं की तो ‘दिवाळी दावा’ करून देतो. तीनदा झालं. चौथ्यांदा मी तसंच ठेवलं. काही दावे खरंच दिवाळी ते दिवाळी चालतात.

बारीक गोष्ट: काचेवरचा कीबोर्ड उघडला की निम्मा पडदा तोच खातो. वरची चार ओळींची फट उरते, तिच्यातून स्वतःचा परिच्छेद बघायचा म्हणजे पोस्टाच्या पेटीच्या तोंडातून पत्र वाचायचं.

१० जुलै, गुरुवार. गुरुपौर्णिमा

लेकाचा फोन: “टाइप कशाला करतेस? बोल ना. तो लिहितो.”

बोलले. आणि लिहितो हो! मराठी बरंच चांगलं समजतं त्याला. पण मला हसू आवरेना. छत्तीस वर्षं साहेब बोलायचे आणि मी लिहायचे. आज मी साहेब आणि हा लघुलेखक. मी ‘पूर्णविराम’ म्हटलं तर त्याने अक्षरांत ‘पूर्णविराम’ लिहून दिलं. ‘साक्षीदार’ची ‘साक्षी दार’ अशी फाळणी केली. मी थबकले की तो वाक्य संपलं असं समजून माइक बंद करतो.

चांगला लघुलेखक थबकण्याची वाट बघतो. साहेबांनी ‘सबब’ म्हणून मोठा श्वास घेतला की आम्हाला कळायचं, निकाल फिरणार. आणि ऐकू आलं नाही तर विचारायचो, “साहेब, पुन्हा?” हा विचारत नाही, ठोकून देतो.

तरी चिठ्ठी, निरोप, सामानाची यादी यासाठी हे उत्तम. बोलून होतं ते बोलून करावं. माझी वही मात्र बोलून होत नाही. बोलायला लागले की सांगते, लिहायला बसले की आठवतं.

आमचे यजमान भजनी मंडळात पेटी वाजवतात. दोन दिवस माझे प्रयोग बघत होते. आज रियाज थांबवून म्हणाले, “फरक सोपा आहे. पाटी बोटाने चालते, पेटी बोटांनी.” आणि काळी दोनचा सूर धरून पुढे वाजवायला लागले.

१२ जुलै, शनिवार

आज टॅबची बाजू. त्याच्यावर अन्याय नको.

वाचनालयातल्या एका जुन्या मासिकाच्या फायलीची पानं स्कॅन करून घेतलीत. ती वाचायला घेतली आणि शिवणाची टेप काढली. टॅब उभा धरला की पडदा ९.३ इंच उंच, ५.८ रुंद. माझ्या १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा ऐसपैस, पण उंची जेमतेम ७.६ इंच, आणि त्यातला इंचभर वरखालच्या पट्ट्यांत जातो. पडद्याचं माप तिरकं मोजतात, तिथे आपण फसतो. कागदाचं पान उभं आणि लॅपटॉपचा पडदा आडवा. त्यामुळे अख्खं ए-फोर पान लहान टॅबवर मोठं दिसतं आणि मोठ्या लॅपटॉपवर लहान.

दुसरं, अक्षरांचा रेखीवपणा. माझ्या लॅपटॉपवर इंचाला शंभरच्या आसपास ठिपके, टॅबवर दोनशेच्या वर. इंग्रजीत ठीक आहे. आपल्याकडे एका अक्षराच्या डोक्यावर रफार, मात्रा आणि अनुस्वार, दुसऱ्याच्या पायाशी उकार. ‘द्ध’ की ‘ध्द’ हे मला लॅपटॉपवर कित्येकदा अंदाजाने ठरवावं लागायचं. टॅबवर दोन बोटांनी ताणलं की मुद्रितशोधकाची चूकसुद्धा उघडी पडते.

रात्री अंथरुणात पडून चाळीस पानं वाचली. मान दुखली नाही. वाचायचंच असेल तर दुसरा विचार करू नये, असं आजच्या तारखेला नोंदवते.

१३ जुलै, रविवार

मिरजेला आईकडे. टॅब पर्समध्ये मावला, एसटीत कुणाला धक्का लागला नाही.

आई चौऱ्याऐंशीची. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्या डोळ्याचा भरवसा नाही. भिंग धरून पेपर वाचते आणि दहा मिनिटांत हात भरून येतो. तिच्यापुढे पेपर उघडून दिला आणि अक्षर लिंबाएवढं केलं. भुवया वर गेल्या. “अगं, हे तर मला दिसतंय.”

मग पान सरकेना. तिचं बोट काचेवर फिरतं, काच ढिम्म. मी फिरवते, सरकतं. आईने सवयीने बोट जिभेला लावलं, पोथीचं पान उलटताना लावते तसं, आणि पान सरकलं! भाऊ हसला, वहिनी ‘ईऽऽ’ म्हणाली. पण चूक आईची नव्हती. असल्या काचेला दाब कळत नाही. काचेवर विजेचा अगदी हलका भार असतो, बोट टेकलं की तो तिथे बदलतो आणि यंत्राला जागा कळते. त्याला थोडा ओलावा लागतो. म्हातारी, कोरडी, भाकऱ्या थापून निबर झालेली बोटं त्याला नीट लागत नाहीत. वहिनीने वाटीत ओला कापूस ठेवला, पोस्टात तिकिटं लावायला असायचा तसा. आईने अग्रलेखापासून निधनवार्तांपर्यंत सगळं वाचलं.

परत निघताना टॅब पर्समध्ये ठेवला तेव्हा आई काही बोलली नाही. भिंग हातात घेतलं.

१५ जुलै, मंगळवार

आज अर्ज आणि तक्ते. वाचनालयाची यादी टॅबवर उघडली. तक्त्याच्या ॲपने कळवलं की १०.१ इंचांपेक्षा मोठ्या पडद्यावर फुकटात फक्त बघता येईल. बदल करायचे तर वर्गणी. यजमान म्हणाले, “अकरा इंच घेतला हाच गुन्हा.” दुसरं फुकट ॲप घेतलं. लेखकाचं नाव एका रकान्यातून उचलून दुसऱ्यात टाकायचं. बोट जाड, रकाना बारीक. दोनदा शेजारचंच पुस्तक उचललं. एका शिकारकथेला स्वयंपाकाच्या पुस्तकाची लेखिका मिळाली. माउसच्या टोकाला जे नेमकं जमतं ते बोटाच्या पोटाला जमत नाही.

मग शेजारच्या मावशींचा एका सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज. फोटो अमुक केबीपेक्षा लहान हवा, कागद पीडीएफच हवा, सही वेगळी हवी. टॅबवर कागदाचा फोटो सुरेख निघतो, तिथे लॅपटॉप लंगडा. पण तो फोटो गेला कुठे, लहान कसा करायचा, अर्जाच्या खिडकीतून त्याच्यापर्यंत पोचायचं कसं, यात पाऊण तास गेला आणि अर्जाची वेळ संपून पान बंद पडलं. वहिनींच्या छोट्या लॅपटॉपवर तेच वीस मिनिटांत झालं.

तरी तो छोटा लॅपटॉपही काही संत नाही. चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी साठवण. विंडोजची नवी दुरुस्ती आली की जागा नाही म्हणून रडतो. सुरू होईपर्यंत चहा होतो. ‘छोटा’ आणि ‘स्वस्त’ हे दोन शब्द वेगवेगळे आहेत हे आज नोंदवून ठेवलं.

१७ जुलै, गुरुवार

वाण्याकडे साखर आणायला गेले ती पिशवीत सगळी यंत्रं घेऊन. काट्यावर ठेव म्हटल्यावर तो बघतच राहिला. “काय काकू, किलोवर विकताय काय?”

टॅब ४९० ग्रॅम. लेकाचं कीबोर्डवालं कव्हर, जे त्याने कपाटातच ठेवलं होतं आणि परवा कुरिअरने पाठवलं, ४६० ग्रॅम. दोन्ही मिळून ९५०. वहिनींचा छोटा लॅपटॉप १ किलो १९० ग्रॅम. आणि माझं धूड, चार्जरसकट २ किलो ६००.

म्हणजे हलकेपणाची सगळी कीर्ती नुसत्या टॅबची. त्याला लिहितं करायचं तर कीबोर्ड लागतो, आणि मग फरक पावशेराचा. शिवाय ती जोडी मांडीवर उभी राहत नाही, टेबल लागतं. लॅपटॉपचं वजन बुडाशी, टॅबचं सगळं वजन डोक्याशी. जोडलेल्या कीबोर्डवर मराठीची माझी ठेवण काही केल्या सापडली नाही ते वेगळंच. बटणांचं अंतरही मोजलं. पूर्ण मापाच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत पाऊण इंच असतं. कव्हरवर ते कमी, त्यामुळे माझी करंगळी दर ओळीला शेजारच्या घरात शिरते.

वाण्याने शेवटी विचारलं, “मग साखर किती?”

१९ जुलै, शनिवार

दिवसभर झड. सांगलीत जुलैचा पाऊस लागला की बोलण्याची सुरुवात ‘आयर्विन पुलाजवळ पाणी किती’ इथून होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा घर सोडताना आईची औषधं, कागदपत्रांची पिशवी आणि हे अडीच किलोचं धूड, एवढंच उचललं होतं. धूड तेव्हाही माझ्यासाठी एवढं महत्त्वाचं होतं, हे आज लिहिताना लक्षात आलं.

सात वाजता वीज गेली. जुना लॅपटॉप जागच्या जागी मेला. टॅब चालू होता. अंधारात आठवत बसले.

२००७ साली आसुसचा ‘ई पीसी’ आला, सात इंचांचा पडदा. वर्ष-दोन वर्षांत एका वकीलसाहेबांच्या हातात पाहिला. त्यांची बोटं अशी की एका दाबात तीन बटणं. मग छोट्या नेटबुकांची लाट आली. २७ जानेवारी २०१० ला स्टीव्ह जॉब्झने आयपॅड दाखवला तो नेटबुकांची टर उडवतच. दोन-तीन वर्षांत नेटबुकं दुकानांतून गेली. आपल्याकडे ५ ऑक्टोबर २०११ ला विद्यार्थ्यांसाठी स्वस्तातला ‘आकाश’ टॅबलेट आला, गाजावाजा करत. त्याची सुरुवातीची काच दाबावर चालणारी होती. म्हणजे आईची कोरडी बोटं ‘आकाश’ला लागली असती!

गंमत अशी की हे भांडण मुळात नव्हतंच. ॲलन के नावाच्या अमेरिकी संशोधकाने १९७२ साली मुलांसाठी ‘डायनाबुक’ कल्पिलं. वहीएवढं, हातात धरायचं, वर सपाट पडदा आणि खाली बटणं. पाटी आणि पेटी एकाच फळीवर. ते तसं यंत्र तेव्हा बनलं नाही. पुढे बाजाराने त्याचे दोन तुकडे केले आणि आता कव्हर, कीबोर्ड, पेन असे जोडून पुन्हा एक करायचे पैसे आपल्याकडून घेतो.

साडेनऊला वीज आली.

२२ जुलै, मंगळवार

कोल्हापूर, राजारामपुरी. दुकानात जाताना प्रश्नांची चिठ्ठी नेली होती.

विक्रेता पोरगा लाघवी. “काकू, तुमच्यासाठी टॅबच बेस्ट. टच आहे, पेन आहे, स्पीकर बघा.” माझे केस बघून निकाल आधीच लिहिला होता त्याने. मी म्हटलं, “बाळ, आधी साक्षी होऊ देत.”

टॅब २८ हजार. कीबोर्ड-कव्हर ९ हजार. पेन ४ हजार. बेरीज ४१. लॅपटॉप चौदा इंची, पण पडदा जरा उंच घडणीचा, वजन १ किलो ३०० ग्रॅम: ४९ हजार सांगितला. अकरा इंचीही होते, २० हजारांच्या आसपास, पण साठवण तीच चौसष्ट जीबी, आणि ती पट्टीवरच डाखलेली. म्हणजे पुढे वाढवता येणार नाही, बदलता येणार नाही.

चिठ्ठीतले प्रश्न विचारले. रॅम नंतर वाढवता येते का? बॅटरी गेली तर इथे मिळेल का? सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षं येणार? शेवटच्या प्रश्नावर लॅपटॉपवाल्याने अंदाज सांगितला, टॅबवाल्याने मालकाला हाक मारली, मालकाने चहा मागवला.

मग उभ्या उभ्या इनस्क्रिप्ट चालू करून टाइप केलं: दुसऱ्या, ऱ्हास, ॲड्व्होकेट, वाङ्मय. चारही शब्द न अडखळता उमटले. बटणांवर मराठी अक्षरं नव्हती. पोरगा म्हणाला, “काकू, अक्षरं दिसत नाहीत तर कसं टाइप केलंत?” माझी बाजू मांडायला मला वकील लागला नाही.

२४ जुलै, गुरुवार. दीप अमावस्या

घरातले दिवे घासून पाटावर मांडले, पूजा केली. मग फ्रिजवरचा कागद उतरवून रेघा मोजल्या.

वाचणं ५८. बघणं-ऐकणं २१. बोलणं ६. लिहिणं १४. अर्ज-तक्ते ४. एकूण १०३.

मी गप्पच झाले. स्वतःला लिहिणारी बाई समजत होते आणि कागद सांगतोय की तू मुख्यतः वाचणारी आहेस. शंभरातली ऐंशीवर कामं टॅब अधिक चांगली करतो. लेकाचं बरोबर होतं तर! मतदानच घ्यायचं तर निकाल लागला.

पण छत्तीस वर्षं जे कानांवरून गेलं ते अशा वेळी वर येतं. आमच्या वेळच्या, १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १३४: एखादी गोष्ट शाबीत करायला साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही. आमच्या साहेबांचं याच अर्थाचं आवडतं वाक्य होतं, पुरावा मोजायचा नसतो, तोलायचा असतो. दहा जण ‘ऐकलं’ म्हणाले आणि एकाने ‘पाहिलं’ म्हटलं तर तो एक भारी.

म्हणून कागदावर आणखी एक रकाना काढला: हे काम दुसऱ्या कशावर भागेल? वाचणं: फोनवर भागतं, कागदावर भागतं, वाचनालय तर गल्लीतच आहे. टॅबइतकं सुखाचं नाही, पण अडत नाही. बघणं-ऐकणं: टीव्ही आहे, रेडिओ आहे. बोलणं: फोन. अर्ज: टॅबवर अडतात. लिहिणं: पुढे लिहायला काही सुचेना. वहीच्या चाळीस पानांना दुसरी जागा नाही.

यंत्र निवडताना मी दिवसभर काय जास्त करते ते बघत होते. बघायला हवं होतं ते हे, की कोणतं काम या यंत्रावाचून होणारच नाही. जास्त वेळा होणारी कामं बहुधा सोपी असतात, ती कुठेही होतात. अडतं ते थोडक्यासाठीच.

तोच काटा मिरजेत लावला. आईचं काम एकच, वाचणं, आणि त्याला दुसरी जागा नाही. पेपर बारीक, भिंग जड. तिथे पारडं पूर्ण उलटं जातं. कीबोर्डला ती हातही लावणार नाही.

रात्री लेकाला फोन केला. निकाल वाचून दाखवला. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “टॅब आजीलाच देऊन टाक. आणि आई, तू लिहितेस ते मला पाठवशील?”

म्हटलं, “आधी साक्षांकित तर होऊ दे.”

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

लॅपटॉप काल घरी आला. आठ जीबी रॅम, वाढवता येणारी. ५१२ जीबी साठवण. घासाघीस करून साडेसेहेचाळीस हजार. आज चिरायचं-कापायचं नाही म्हणून स्वयंपाकाला पुरणाची दिंडं, आणि दुपार मोकळी.

जुन्या धुडाचंही ठरलं. दुरुस्तीवाला पोरगा त्यात नवी साठवण आणि लिनक्स टाकून देतोय, २,८०० रुपये. वाचनालयात टेबलावर वायर लावून बसेल, यादी सांभाळेल. बॅटरीची गरज नाही तिथे. टेकूचा शब्दकोशही सोबत पाठवणार होते, पण तो परत फळीवर ठेवला. बिचारा वाकलाय.

मिरजेहून वहिनीचा फोन: आईंचा टॅब रात्री चार्जिंगला लावायचा राहिला, सकाळी पेपर उघडेना, आणि त्यांनी आम्हा दोघांना ‘निष्काळजी’ म्हटलं. मागून आईचा आवाज येत होता, कुणाच्या तरी निधनाची बातमी मोठ्याने वाचत होती.

संध्याकाळपर्यंत वहीत ६४० शब्द झाले. १९८६ च्या जूनमधला पहिला दिवस, साहेबांचा पहिला ‘सबब’ आणि माझी थरथरणारी पेन्सिल. यजमानांची पेटी आत, माझी बाहेर. सूर जुळला नाही, पण दोघांनी एकमेकांना थांबवलंही नाही.

उठण्याआधी फाइल पेनड्राइव्हवर उतरवली, आणि एक लेकाला धाडली. पूर्वी मशीनमध्ये दोन कार्बन घालायचो: मूळ प्रत संचिकेत, एक कार्यालयात, एक पक्षकारास. आजही तेवढ्याच झाल्या.